मुदतीचा दिवस

सकाळी ७:४५

सोमवार, १५ डिसेंबर २०२५. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून आरोग्यविमा हवा असेल, तर अर्ज आज रात्री बाराच्या आत गेला पाहिजे. पूर्व केंटकीच्या डोंगरातला आमचा दवाखाना आठला उघडतो. पण बाहेर आत्ताच पाच-सहा गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या आहेत. हीटर बंद करून बसवणार नाही, अशी थंडी आहे.

माझ्या दारावर ‘किनेक्टर’ अशी पाटी आहे. किनेक्ट हा केंटकी राज्याचा विम्याचा सरकारी बाजार, आणि तिथला अर्ज लोकांना विनामूल्य भरून देणारे ते किनेक्टर. आम्ही मूळचे कराडचे. नवरा डॉक्टर. अमेरिकेत शिकलेल्या परदेशी डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काढली, तर मायदेशी परतण्याची अट माफ होते. त्या वाटेने आम्ही या डोंगरात आलो आणि इथलेच झालो.

गाडीत रेडिओवर पुन्हा तीच बातमी होती. गेल्या गुरुवारी सिनेटमध्ये दोन विधेयकं पडली. विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सबसिडी आणखी तीन वर्षं चालू ठेवा, असं डेमोक्रॅटांचं विधेयक होतं. त्याऐवजी लोकांच्या आरोग्य बचत खात्यात थेट पैसे टाका, असं रिपब्लिकनांचं. दोन्हींना ५१ मतं पडली, लागत होती ६०. याच भांडणापायी ऑक्टोबर-नोव्हेंबरात केंद्र सरकार ४३ दिवस ठप्प होतं. आता ३१ डिसेंबरला वाढीव सबसिडी संपते आणि त्याचा हिशेब माझ्या टेबलावर येऊन पडतो.

८:०५

पहिलं जोडपं. तो ६१ वर्षांचा, गाड्यांच्या पत्र्याचं नि रंगाचं काम करणारं स्वतःचं गॅरेज. ती ६०, गॅरेजचे हिशेब सांभाळते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८६,४०० डॉलर.

आतापर्यंतचा नियम साधा होता. २०२१ साली, कोविडच्या काळात, ठरलं की मध्यम प्रतीच्या विम्यासाठी कुणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागू नये. उरलेलं सरकार भरेल. यांना महिन्याला सहाशेच्या थोडं वर पडत होते. आता २०१० च्या मूळ कायद्यातली, म्हणजे ओबामाकेअरमधली, रेघ परत आली: दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून एक डॉलर जरी जास्त कमावलात, तरी सबसिडी शून्य. दोन माणसांच्या घरासाठी ती रेघ ८४,६०० वर आहे. हे दोघं तिच्या अठराशे डॉलर पलीकडे.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. महिन्याचा हप्ता तेवीसशेच्या वर.

तो बराच वेळ आकड्याकडे बघतो. मग म्हणतो, “मॅम, मी २०१० सालीच म्हणालो होतो, हे ओबामाकेअर बुडणार.”

“बुडत नव्हतं,” बायको म्हणते. “तुझ्या माणसांनी भोक पाडलं.”

“आणि २०१३ ला आपला विमा बंद झाल्याचं पत्र आलं, ते कुणाच्या माणसांनी पाठवलं?”

त्यावर ती गप्प बसते, कारण त्याचं खरं आहे. ‘तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील’ असं ओबामांनी वारंवार सांगितलं होतं, आणि नव्या नियमांत न बसणाऱ्या पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं देशभर लाखो घरांत गेली. ज्यांच्या घरी ते पत्र आलं, ते अजून विसरलेले नाहीत. या माणसाच्या रागाला अज्ञान म्हणणारे लोक मी शहरांत ऐकलेत, आणि मला त्यांचा संताप येतो.

मी विचारते, निवृत्तीच्या खात्यात काही टाकता का? नाही, काही वर्षांत जमलेलं नाही. मग कागद घेऊन मांडून दाखवते. त्या खात्यात २०२६ मध्ये २,५०० डॉलर टाकले, तर या कायद्याच्या हिशेबाने उत्पन्न ८३,९०० धरलं जाईल. रेघेच्या आत आलात, तर तोच विमा महिन्याला सातशेच्या आसपास मिळेल.

“म्हणजे स्वतःच्याच खात्यात अडीच हजार टाकायचे आणि वर्षाला एकोणीस हजार वाचवायचे?” बायको विचारते.

हो. पण एखादं मोठं काम मिळून उत्पन्न पुन्हा रेघेच्या वर गेलं, तर वर्षभर मिळालेली सगळी सबसिडी कर भरताना परत करावी लागेल. ज्याचं दुकान गारपीट झाली की चालतं आणि एरवी मंदावतं, त्याने पुढच्या डिसेंबरचं उत्पन्न या डिसेंबरात डॉलरच्या हिशेबाने सांगायचं. मी कर-सल्लागार नाही, तेव्हा सांगते, “तुमच्या अकाउंटंटला विचारा आणि पाचच्या आत मला फोन करा.”

उठताना तो म्हणतो, “चार वर्षं. फक्त चार वर्षं काढायचीत. मग मेडिकेअर.”

पासष्टी झाली की मिळणारा हा सरकारी विमा १९६५ पासून आहे. त्याही वेळी डॉक्टरांच्या संघटनेने समाजवाद आला म्हणून ओरड केली होती. आज तो काढून घेण्याची भाषा कुठलाही पुढारी या गावात करणार नाही. गॅरेजवाला म्हणतो, ते सरकारी मदतीत येत नाही, आयुष्यभर पगारातून कापून दिलंय.

बाहेर पडताना त्याची नजर पुढच्या खुर्चीवरच्या तरुणाकडे जाते. त्याच्या हातात मेडिकेडचं पाकीट आहे. मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा, त्याला हप्ता नसतो. गॅरेजवाला बोलत काही नाही, पण त्याने काय वाचलं ते मला कळतं, आणि त्या पोरालाही.

९:२०

पोरगा एकोणतिशीचा. मोठ्या दुकानाच्या गोदामात आठवड्याला तीसेक तास काम. आई अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. २०१४ मध्ये केंटकीने मेडिकेड वाढवलं, तेव्हापासून अशा धडधाकट पण कमी मिळकतीच्या लोकांनाही ते मिळतं. राज्यातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाकडे हे कार्ड आहे. एकट्या माणसासाठी याची रेघ २१,५९७ डॉलरवर. दुकानाने नाताळासाठी जादा तास देऊ केले होते, ते याने नाकारले. रेघ ओलांडली की मेडिकेड जाईल या धास्तीने.

“लोकांना वाटतं मी आळशी आहे,” तो म्हणतो.

गेल्या ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पर्यंत अशा लोकांना महिन्याला ८० तास काम दाखवावं लागणार आहे. याचे तास त्याहून जास्त भरतात, आणि आजारी आईची देखभाल करणाऱ्याला सूट आहे. म्हणजे नियमात तो बसतो. मला भीती कागदाची वाटते. आर्कान्सामध्ये २०१८ साली अशीच अट आली, तेव्हा काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला, आणि त्यांतले कित्येक काम करत होते, फक्त त्याची नोंद वेळेत पोचली नव्हती.

हे सगळं सांगितल्यावर तो म्हणतो, “पण नियम बरोबर आहे. जे कामच करत नाहीत त्यांना कशाला द्यायचं?”

‘जे कामच करत नाहीत’ ते कोण, असं मी विचारत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात असा कुणीतरी असतो. गॅरेजवाल्याच्या डोक्यात हा पोरगा, या पोराच्या डोक्यात त्याच्या गल्लीच्या टोकाचा कुणी. या खुर्चीत बसणाऱ्यांकडून मी एक गोष्ट शिकले. आपल्याला मिळतं ते कमावलेलं आणि शेजाऱ्याला मिळतं ते फुकटचं, असं दोन्ही पक्षांची माणसं सारख्याच खात्रीने मानतात.

११:१०

खाणीतले एक निवृत्त आजोबा. नाकात ऑक्सिजनची नळी, सिलिंडर चाकाच्या गाडीवर. त्यांचं काम विम्याचं नाही, ‘ब्लॅक लंग’च्या नुकसानभरपाईचे कागद आहेत. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं कडक होत जातात आणि शेवटी श्वास पुरत नाही. या भागात पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त खाणीत घालवलेल्या दर पाच जणांतल्या एकाला हा रोग आढळला आहे. आजोबांची सव्वीस वर्षं झाली.

त्यांना दोन वाक्यांमध्ये थांबावं लागतं. मी टाइप करायचा वेग कमी करते, म्हणजे त्यांना घाई वाटणार नाही.

फॉर्ममधला महत्त्वाचा रकाना म्हणजे जमिनीखाली किती वर्षं काढली. पंधरा किंवा जास्त असतील आणि श्वसनामुळे माणूस कामाला अपात्र झाला असेल, तर रोग खाणीमुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. ही तरतूद मधली बरीच वर्षं रद्द होती. ती परत आणली वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी, आणि घातली २०१० च्याच आरोग्य कायद्यात, म्हणजे ओबामाकेअरमध्ये.

आजोबांच्या टोपीवर कोळशाच्या बाजूची घोषणा आहे आणि ओबामांचं नाव त्यांना सहन होत नाही. खाणी बंद पडल्या त्या ओबामांच्या नियमांनी, असं त्यांचं ठाम मत. खाणी बंद पडायला स्वस्त नैसर्गिक वायू आणि यंत्रंही कारणीभूत होती, असं मला वाटतं. पण ज्यांच्या दोन्ही मुलांना काम शोधत ओहायोला जावं लागलं, त्यांच्याशी हा वाद घालायचं माझं काम नाही. तरतूद कुठून आली, हे मात्र मी सांगते. माणसाला आपल्या हक्काचा उगम माहीत असायला हवा.

“बर्ड कोळशातला माणूस होता,” ते म्हणतात. थोडा श्वास घेतात. “त्याने आमचं आम्हाला परत दिलं.”

मग लहानपणीची गोष्ट सांगतात. पाय मोडला होता, तेव्हा खाणकामगारांच्या युनियनने बांधलेल्या दवाखान्यात होते. युनियनने १९५० च्या दशकात या डोंगरांत अशी दहा इस्पितळं उभी केली, हॅझर्डला, हार्लनला, व्हाइट्सबर्गला. पैसा यायचा कोळशातून: खाणमालकांनी प्रत्येक टनामागे ४० सेंट निधीत टाकायचे. कामगाराच्या घरच्यांना बिल येत नसे. पुढच्या दशकात कोळशाचा धंदा पडला, निधी आटला आणि युनियनला ती इस्पितळं सोडून द्यावी लागली.

म्हणजे कुणालाही दारातून परत न पाठवणारी व्यवस्था या लोकांना नवी नाही. यांच्या बापांनी ती स्वतः मिळवली होती. म्हणून तिच्याबद्दल त्यांना कधी ओशाळं वाटलं नाही. वॉशिंग्टनहून आलेल्या मदतीचं तसं नसतं. ती अर्ज करून, उत्पन्न दाखवून, पात्र ठरून घ्यावी लागते.

१२:३०

जेवणाची खोली. कुणीतरी सूप बीन्स आणि कॉर्नब्रेड आणलंय, माझ्या डब्यात मुगाची खिचडी. इथे राजकारण बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. आज तो टिकत नाही.

रिसेप्शनवरची बाई म्हणते, “मी सरकारकडून एक पैसा घेत नाही. माझा विमा मी कमावते.”

आमची नर्स, जिला सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा हवा आहे, चमचा खाली ठेवते. “तुझा विमा दवाखाना भरतो.”

“माझ्या कामाचा मोबदला म्हणून.”

दोघींचंही बरोबर आहे, आणि इथेच खरी गाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देणं सुरू केलं आणि सरकारने त्यावर कर लावला नाही. तीच पद्धत रुळली. आज नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याची सरासरी किंमत वर्षाला २६,९९३ डॉलर आहे. त्यांतले सुमारे ६,८५० कर्मचाऱ्याच्या पगारातून जातात. उरलेल्या वीस हजारांवर कर नाही. तो न घेतलेला कर म्हणजे सरकारने सोडून दिलेली रक्कमच आहे, पण तिच्यासाठी कुणाला माझ्यासमोर बसून उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागत नाहीत. त्यामुळे ती मदत वाटतच नाही. गॅरेजवाल्याला मात्र आपली मदत दर महिन्याच्या बिलावर छापलेली दिसते.

मी हे बोलून दाखवते. रिसेप्शनवरची बाई विचार करते. “असेल,” ती म्हणते, “पण मग माझ्या नवऱ्याची खाण बंद पडली, तेव्हा आमचा विमाही त्याच दिवशी गेला. ते कुठलं सरकार?”

नर्स तिच्याकडे कॉर्नब्रेड सरकवते. “म्हणूनच मी म्हणते, नोकरीला बांधू नका.”

“आणि सरकारला बांधा? सरकार दर दोन वर्षांनी बदलतं.”

याचं उत्तर केंटकीत तरी सोपं नाही. किनेक्ट २०१३ मध्ये एका डेमोक्रॅट गव्हर्नरने सुरू केलं, पुढच्या रिपब्लिकन गव्हर्नरने बंद केलं, आणि त्यानंतर पहिल्याच गव्हर्नरच्या मुलाने निवडून येऊन पुन्हा उघडलं. लोकांना ते आवडायचं. मे २०१४ मधल्या एका पाहणीत राज्यातल्या ५७ टक्के मतदारांचं ओबामाकेअरबद्दल प्रतिकूल मत होतं, आणि किनेक्टबद्दल प्रतिकूल मत असलेले फक्त २२ टक्के, जरी दोन्हींच्या मागे कायदा एकच होता.

२:००

फोन, फोन, फोन. पासवर्ड विसरलेले, घटस्फोटाचा कागद न सापडणारे.

मध्येच भावाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश. कराडला आत्याची अँजिओप्लास्टी झाली, महाराष्ट्र सरकारच्या फुले आरोग्य योजनेतून. ही योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा राजीव गांधींच्या नावाने होती. सरकार बदललं, २०१७ मध्ये नाव बदललं, योजना राहिली. आपल्याकडे तिच्यात त्रुटी पुष्कळ आहेत. पॅनेलवरचं रुग्णालय शोधण्यात भावाचे दोन दिवस गेले. पण अशी योजना असावी की नसावी, यावरून आमच्या वाड्यात कधी कुणाची बोलचाल बंद झाली नाही. इथे सख्खे भाऊ थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एका टेबलावर बसायचे थांबलेले मी पाहिलेत.

३:४०

केस कापणारी बाई, बावन्न वर्षांची, एकटी. मधुमेह. उत्पन्न २३,०००. मेडिकेडच्या रेघेच्या जरा वर. आतापर्यंत हप्ता शून्य होता, जानेवारीपासून महिन्याला पंचाहत्तरच्या आसपास.

ती डेमोक्रॅटांना मत देणारी, पण आज त्यांच्यावरच चिडली आहे. “संपण्याची तारीख त्यांनीच घातली होती ना?” हो. २०२२ मध्ये मुदत वाढवली ती त्यांनी फक्त आपल्याच मतांवर, आणि २०२५ अखेरपर्यंतच.

“मग मी विमा सोडते.”

मी तिला इन्सुलिनची किंमत विचारत नाही, तिला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. आम्ही दोघी मिळून तिचा महिना कागदावर मांडतो. सलूनमधल्या खुर्चीचं भाडं, वीज, गाडीचा हप्ता, आईला पाठवायचे पन्नास. पंचाहत्तर कुठूनच निघत नाहीत. शेवटी ती फोनच्या पॅकेजवर बोट ठेवते. ते कमी करता येईल. सगळ्यात कमी हप्त्याच्या ब्रॉन्झ योजना स्वस्त दिसतात, पण तिला त्या घेऊ नका म्हणून मी जीव तोडून सांगते. तिच्या उत्पन्नाला मध्यम प्रतीच्या, म्हणजे सिल्व्हर, योजनेत डॉक्टरची फी आणि औषधांचा खर्चही बराच कमी होतो, ब्रॉन्झमध्ये होत नाही. सव्वाचारला अर्ज जातो.

४:५५

गॅरेजवाला फोनवर. अकाउंटंटने होकार दिला. आम्ही उत्पन्नाच्या रकान्यात ८३,९०० टाकतो. मी पूर्ण हमीपत्र वाचून दाखवते, कारण सही त्याची आहे.

“आणि नोव्हेंबरात गारपीट झाली तर?”

“तर अकाउंटंटला लगेच फोन करा. खात्यात आणखी टाकता येतील, पण मर्यादेपर्यंतच.”

“म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवायचं.” तो हसत नाही. “इतकी वर्षं मी राबण्याचा धडा मुलांना दिला, मॅम.”

त्याचं हे म्हणणं मला दिवसभरात सगळ्यात जास्त लागलं. मला वाढीव सबसिडी चालू राहायला हवी होती, आणि मी तसं माझ्या सिनेटरला लिहिलंही. तरी या माणसाच्या तक्रारीला त्यात पुरतं उत्तर नाही. उत्पन्नाच्या रेघा ओढून कुणाला किती द्यायचं हे ठरवणारा कायदा असेल, तोवर रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे संशयाने बघत राहणार. पक्षांना मग फार काही करावं लागत नाही. मेडिकेअरला अशी रेघ नाही, पासष्टी गाठली की सगळ्यांना मिळतं, आणि म्हणून गॅरेजवाला आणि आमची नर्स दोघंही ते आपलं मानतात. माझं मत नर्सच्या बाजूला झुकतं ते एवढ्याचसाठी.

६:३०

स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये जेवण आणि पायचा लिलाव. गावातल्या एका ट्रकचालकाला आतड्याचा कॅन्सर निघाला आहे. विमा नव्हता, वर्षभरापूर्वी परवडत नाही म्हणून सोडला होता. पेट्रोल पंपावर त्याचा फोटो चिकटवलेली बरणी महिनाभर आहे.

सगळं गाव आलंय. २०२२ च्या जुलैत पूर आला, चाळीसहून जास्त माणसं गेली, तेव्हाही सगळे असेच आले होते. दारावरची निवडणुकीची पाटी बघून कुणी चिखल उपसला नाही. रिसेप्शनवरची बाई वाढायला उभी. गोदामातला पोरगा खुर्च्या लावतोय. गॅरेजवाला एका सफरचंदाच्या पायसाठी दोनशे डॉलरपर्यंत बोली चढवतो आणि पाय तिथेच सगळ्यांना वाटून टाकतो. अशा गावाला निर्दय म्हणणाऱ्याला मी इथे आणून बसवीन.

पण नऊच्या सुमारास पैसे मोजून होतात. साडेसहा हजारांच्या थोडं वर. ट्रकचालकाची बायको सगळ्यांना मिठ्या मारते. ती माझ्याकडे येते तेव्हा तिच्या पिशवीत रुग्णालयाची बिलं आहेत, रबर लावलेली. पहिलंच चाळीस हजारांचं आहे. लोकांनी मनापासून दिलं, आणि तरी ते पुरणार नाही.

ती विचारते, “आता उशीर झालाय ना?”

उशीर झालेला नाही. आधीचा आजार आहे म्हणून आता कुणाला विमा नाकारता येत नाही, जास्त हप्ताही लावता येत नाही. २०१० च्या कायद्यातलं हे कलम तो कायदा रद्द करण्याच्या २०१७ च्या लढाईतही टिकलं. बारा वाजायला तीन तास आहेत. शेडमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडते. गॅरेजवाला एक्स्टेन्शनची वायर ओढून आणतो. आजारपणामुळे ट्रक उभा आहे, तेव्हा यंदाचं उत्पन्न बरंच कमी. कदाचित मेडिकेडच लागू होईल.

“नवऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर पाठ आहे?”

“आहे.”

“आणि शेवटची पगाराची चिठ्ठी?”

ती घरी आहे. गोदामातला पोरगा गाडीची किल्ली घेऊन उठतो, त्यांच्या घरची वाट त्याला माहीत आहे.